मेंडोलिनचा नट हाडाचाच हवा असं काही नाही

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. दोन वर्षं व्हायोलिन शिकली, आता तिला मेंडोलिनचं वेड लागलंय. दिवाळीत साडेपाच हजारांचं एक मेंडोलिन मागवून दिलं. दिसायला छान आहे, पण तीन तक्रारी आहेत. ए ची जोडी मोकळी वाजवली की झणझणते, बोट ठेवून वाजवली की नाही. जी ची जाड तार लावताना मध्येच ‘टक’ असा आवाज येतो आणि सूर उडी मारतो. त्याच जी वर पहिल्या फ्रेटला बोट ठेवलं की सूर चढा लागतो. वाद्यं दुरुस्त करणारे एक जण म्हणाले, ‘नट प्लास्टिकचा आहे, तो काढा आणि हाडाचा बसवा, नाहीतर पितळेचा.’ माझी आई माळकरी आहे, वारी करते. हाडाचं नाव काढताच तिनं साफ नकार दिला. मी अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात फिटर आहे, म्हणजे कानस चालवता येते. हाड नको असेल तर दुसरं काय घ्यावं?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर :

नमस्कार.

तिन्ही तक्रारी नटाच्याच आहेत, तेवढं त्या दुरुस्तीवाल्यांचं बरोबर आहे. पण तुमचंच पत्र पुन्हा एकदा वाचा. ए झणझणते, जी अडकते, जी चढी लागते. हे तिन्ही दोष खाचा चुकीच्या कापल्याचे आहेत. वाद्याच्या कारखान्यात ज्या मापाच्या खाचा पाडल्या, त्याच मापाच्या हाडात पाडल्या असत्या तरी हेच झालं असतं. म्हणून आधी खाचा बघू, मग मटेरियल.

ज्यांच्या घरी मेंडोलिन नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फिंगरबोर्ड संपून खुंट्यांचं डोकं सुरू होतं तिथे एक छोटी आडवी पट्टी असते, तो नट. तंबोऱ्यावर अटी जे काम करते तेच इथे नट करतो. जी, डी, ए, ई या चार जोड्यांच्या (जी सर्वांत जाड, ई सर्वांत बारीक) आठही तारा त्याच्या खाचांतून पुढे जातात. मोकळी तार वाजते तेव्हा तिचं एक टोक घोडीवर आणि दुसरं नटावर असतं. बोट ठेवलं की नट बाजूला पडतो, तिथून पुढे तार फ्रेटवर, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, टेकते. तुमची ए बोट ठेवल्यावर स्वच्छ वाजते याचा अर्थ फ्रेट ठीक आहेत, घोडी ठीक आहे, आणि दोष नटापाशीच आहे.

आता जी चढी का लागते ते. मेंडोलिनवर नटापासून घोडीपर्यंतचं अंतर साधारण 353 मिलिमीटर असतं, गिटारवर 650 च्या आसपास. त्यामुळे नटापासून पहिला फ्रेट गिटारवर 36 मिलिमीटरवर येतो, तर मेंडोलिनवर जेमतेम 20 वर. खाच उंच राहिली की पहिल्या फ्रेटवर तार खाली दाबताना ती ताणली जाते, आणि एवढ्याशा अंतरात तो ताण सुरात लगेच उतरतो. गिटारवर खपून जाईल एवढी चूक मेंडोलिनवर कानाला टोचते. तुमची मुलगी व्हायोलिन शिकलेली आहे, म्हणजे जी, डी, ए, ई हेच सूर तिच्या कानात पक्के बसलेले. तिला ते टोचणारच, आणि तिचं ऐका. मुलांचे कान अशा बाबतीत आपल्यापेक्षा खरे असतात.

काहीही काढण्याआधी एक तपासणी करा. तार तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये, दाबून धरा. आता पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते उजेडाकडे धरून बघा आणि तारेवर बोटानं हलकं टिचका. साध्या वहीच्या कागदाएवढी फट असेल, टिचकल्यावर बारीकसा ‘टिक’ आवाज येत असेल, तर खाच बरोबर. तार फ्रेटला चिकटलेलीच असेल तर खाच जास्त खोल. पोस्टकार्ड आत जात असेल तर खाच उंच. आठही तारांवर हे करा आणि लिहून ठेवा. माझा अंदाज असा की तुमच्या ए च्या दोन खाचांपैकी एक तरी खोल निघेल आणि जी च्या दोन्ही उंच. खात्री करायची असेल तर ए ची तार जरा सैल करून खाचेत कागदाची बारीक पट्टी घाला आणि पुन्हा सुरात लावा. झणझण थांबली तर निदान पक्कं.

जी चा ‘टक’ आवाज वेगळ्या कारणानं येतो. खाच तारेपेक्षा अरुंद आहे. खुंटी फिरवली की तार खाचेत अडकून राहते, ताण साठतो, आणि मग ती एकदम सुटते. जाड तारेवर गुंडाळी असते, ती खाचेच्या कडांना धरते. इथे आपल्याकडचे वाजवणारे एक गोष्ट लक्षात घेत नाहीत. आपल्याला मेंडोलिनवर गाणं वाजवायचं असतं, मींड घ्यायची असते, तार आडवी ओढायची असते. सज्जाद हुसेन यांनी आठ तारांच्या साध्या मेंडोलिनवर राग वाजवले, यू. श्रीनिवास यांनी एकेरी तारांच्या इलेक्ट्रिक मेंडोलिनवर कर्नाटक संगीत उभं केलं. त्या वादनात तार सतत ओढली जाते आणि जागेवर परत यावी लागते. खाच तारेला धरून ठेवत असेल तर मींड घेऊन झाल्यावर जोडीतली एक तार जागेवर येते आणि दुसरी किंचित मागे राहते. मग ती जोडी बेसूर लागते आणि मुलीला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणून मी नटाचं मटेरियल निवडताना आवाजाआधी हे बघतो, की त्यात खाच गुळगुळीत पाडता येते का आणि ती तशी टिकते का.

या कसोटीवर एकेक मटेरियल घेऊ.

तुमच्या वाद्यावरचा प्लास्टिकचा नट बहुतेक खालून पोकळ असेल. स्वस्त वाद्यांवर साच्यातून काढलेले तसेच नट येतात. नखानं टकटक केलं तरी कळतं. हे प्लास्टिक मऊ असतं, ई ची तार जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, पोलादी आणि ताठ, ती महिन्यागणिक त्यात खोल उतरत जाते. हा नट बदलावा हे खरंच. पण घाई नको, त्याचा अजून एक उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

हाडाची ख्याती खोटी नाही. ते कठीण असतं, कानशीखाली स्वच्छ कापलं जातं, पॉलिश पेपरनं काचेसारखं चकाकतं आणि वर्षानुवर्षं झिजत नाही. तुमच्या घरी हरकत नसती तर मीही हाडच सुचवलं असतं. पण आईंचा नकार आहे, आणि माझ्या मते तो तिथेच संपवावा. ‘घरात तबला चालतो, त्याला चामडं असतं, मग हाड का नाही’ असा वाद घालू नका. माळ घातलेल्या माणसाला रोज नजरेसमोर असलेल्या वस्तूबद्दल जे वाटतं ते त्यांनी सांगितलंय, आणि नातीच्या वाद्याकडे त्यांनी प्रेमानं बघावं हे आवाजातल्या सूक्ष्म फरकापेक्षा मोठं आहे. तो फरकही फक्त मोकळ्या तारेपुरता असतो हे विसरू नका. सतारीच्या घोडीवर पूर्वी सांबरशिंग आणि उंटाचं हाड वापरत, आज कृत्रिम मटेरियलच्या जवारीवर, म्हणजे घोडीच्या माथ्यावर, सर्रास मैफली होतात. कुणी जुनं हस्तिदंत किंवा सांबरशिंग दाखवलं तर मात्र हात लावू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांच्या व्यापाराला बंदी आहे.

पितळ. भांडी बाजार आणि तांबट लेन ज्या गावात आहेत तिथे पितळेचा मोह होणारच. पितळेच्या बाजूनं एक मुद्दा चांगला आहे. फ्रेट धातूचेच असतात, त्यामुळे पितळी नटावर मोकळी तार आणि दाबलेली तार यांचा आवाज एकमेकांच्या जवळ येतो. पण पाव मिलिमीटरची खाच पितळेत हातानं पाडणं म्हणजे कौशल्याचं काम, आणि घसरलेली खाच बुजवणंही अवघड. शिवाय मेंडोलिनचा आवाज मुळात टोकदार. साडेपाच हजारांच्या वाद्यात तो बऱ्याचदा कर्कश्शपणाकडे झुकतो, त्यात पितळ भर घालतं. मला ते इथे नको वाटतं.

लाकडाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मुलीचं व्हायोलिन बघून कुणीतरी सुचवेलच, कारण व्हायोलिनचा नट एबनी या काळ्या लाकडाचा असतो. मेंडोलिनच्या प्रत्येक जोडीतल्या दोन्ही पोलादी तारा लाकडात लवकर खड्डा करतात. सोडून द्या.

राहिली दोन मटेरियल, आणि दोन्ही तुमच्या हाताशी आहेत.

एक म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्याला वापरतात ते सॉलिड सरफेस, ज्याला सगळे ‘कोरियन’ (Corian) म्हणतात. ड्यूपाँट कंपनीनं ते 1967 मध्ये काढलं. अ‍ॅक्रिलिकमध्ये अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड घालून ते बनतं, आणि मार्टिनसारख्या नामांकित कंपनीनं आपल्या कितीतरी गिटारींवर त्याचे नट बसवले आहेत. मॉड्युलर किचन करणाऱ्याकडे सिंकची जागा कापल्यावर उरलेले तुकडे पडलेले असतात, मागितले तर बहुतेक जण देतात. पांढरं मिळतं, कानशीखाली खडूसारखी भुकटी पडते, काम सोपं. मात्र ते ठिसूळ आहे, टेबलावरून फरशीवर पडलं तर तुकडा उडतो. आणि ओट्याची शीट 12 मिलिमीटरची असते, ती निम्म्याहून जास्त उतरवावी लागते.

दुसरं तुमच्याच कारखान्यात आहे : हायलम. पॅनेलमध्ये बसबारच्या मागे, टर्मिनलच्या खाली इन्सुलेशनला लावता ती तपकिरी शीट. कागदाचे किंवा कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, दाबून, तापवून ती बनते. याच जातीचं मटेरियल अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीनं 1910 च्या सुमारास विजेच्याच कामासाठी बनवलं, त्याला मायकार्टा म्हणतात, आणि मार्टिनच्या गिटारींवर त्याचेही नट आणि सॅडल (घोडीवरची पट्टी) बसले आहेत. ते कठीण आहे, चिवट आहे, पडलं तरी तुटत नाही, तारेला धरून ठेवत नाही.

तुमच्या जागी मी हायलमच घेतला असता. पाच मिलिमीटरची शीट मिळाली तर तीच बहुतेक मेंडोलिनच्या नटाची जाडी, म्हणजे एक मोठं काम वाचलं. भंगारातल्या एका पट्टीत पाच-सहा नट निघतात, त्यामुळे पहिला बिघडला तरी मन खट्टू होत नाही. रंग तपकिरी येईल, पण काळपट फिंगरबोर्डशेजारी तो शोभतो. मुलीला पांढराच हवा असेल तर कोरियन.

हायलम घेताना दोन गोष्टी बघा. शीट कागदाच्या थरांची हवी. कापडाच्या थरांची घेतलीत तर बारीक खाचेच्या कडेला धाग्यांची टोकं उभी राहतात आणि ई ची तार त्यात अडते. कापलेल्या कडेवर विणीची नक्षी दिसली की ती कापडाची. आणि पिवळट-हिरवट, अर्धपारदर्शक दिसणारी शीट काचेच्या धाग्याची असते, ती अजिबात नको. तिची धूळ अंगाला खाजते, छातीत जाऊ नये, आणि कानशीचीही वाट लागते. हायलम घासतानाही मास्क लावा, कार्बोलिकसारखा वास येईल तो त्या रेझिनचाच. तुकडा सुपरवायझरला विचारून आणि गेटपासची जी रीत असेल ती पाळून बाहेर आणा.

टस्क नावाचे तयार कृत्रिम नटही मिळतात. चांगले असतात, पण खाचांची उंची तुमच्या वाद्यावर घासून बसवावीच लागते. हात चालत असताना तो खर्च कशाला?

आता कामाकडे. जुन्या नटाचा उपयोग म्हणालो तो हा : त्याच्यावर हात बसवा, नाहीतरी तो जाणारच आहे. जी च्या खाचा रुंद करून बघा, तळाशी मऊ शिसपेन्सिलीचं शिसं घासा, टक आवाज गेला का ऐका. ए च्या खोल खाचेत खाण्याचा सोडा चिमूटभर दाबून वर फेविक्विकचा एक थेंब टाका. क्षणात दगडासारखं घट्ट होतं, मग त्यात नव्यानं खाच पाडता येते. वाफ डोळ्यांत जाते, तोंड लांब ठेवा. एवढ्यावर वाद्य सुधारलं तर नवा नट निवांत सवडीनं करा. मुलीचा सराव तोवर थांबणार नाही.

नवा करताना सगळ्या तारा सैल कराव्या लागतील, आणि इथे गिटारवाल्यांची फसगत होते. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. सैल करण्याआधी घोडीच्या पायांच्या चारही बाजूंना मास्किंग टेप लावून जागा पक्की करा. नंतर बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात येतोय का ते फोनवरच्या ट्यूनरनं तपासा, नसेल तर घोडी केसभर पुढे-मागे करा.

नटाच्या कडेनं पॉलिशवर आधी ब्लेडची रेघ ओढा, नाहीतर नटाबरोबर पॉलिशची खपली निघेल. मग फिंगरबोर्डच्या बाजूनं लाकडाचा ठोकळा टेकवून हलकी टिचकी. डोक्यावरची लाकडी पट्टी नटाच्या मागे अडवून बसलेली असेल तर तसं न करता बाजूनं सरकवा.

नव्या तुकड्याची लांबी जुन्याएवढी, बहुधा 28-29 मिलिमीटर. जोड्यांमधली अंतरं जुन्या नटावरून पेन्सिलीनं उतरवून घ्या, वाजवताना ती सोयीची वाटत असतील तर. जोडीतल्या दोन तारांत दोन-अडीच मिलिमीटर पुरतात.

उंची ठरवायला वाद्य बनवणारे वापरतात ती युक्ती सांगतो. एक शिसपेन्सिल उभी चिरून तिचा अर्धा भाग घ्या. सपाट बाजू खाली करून ती पहिल्या काही फ्रेटवर आडवी टेकवा आणि टोक नटाला लावून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवा. नटावर जी रेघ उमटते ती फ्रेटच्या डोक्याची पातळी. खाचेचा तळ त्या रेघेच्या किंचित वर थांबायला हवा, ई कडे कमी, जी कडे थोडा जास्त, कारण जाड तार जास्त झुलते. रेघेजवळ पोचल्यावर दोन-तीन फटक्यांनी एकदा तार लावून ती फटीची तपासणी करायची. घासलेलं परत येत नाही, आणि इथे घाई केली तर ए चं दुखणं पुन्हा सुरू होईल.

खाच फिंगरबोर्डकडच्या कडेला सर्वांत उंच आणि खुंट्यांकडे उतरती हवी. तार त्या पुढच्या कडेवरच टेकली पाहिजे. आत कुठेतरी टेकली तर झणझण, आणि सूरही खरा राहत नाही. तळ गोलसर, तार निम्मी आत आणि निम्मी बाहेर. वर जास्त मटेरियल राहिलं तर शेवटी घासून काढा, तारा पुरलेल्या नकोत.

हत्यारं. खाचांच्या खास कानशींचा सेट महाग पडतो. ई ची तार पाव मिलिमीटरची, ए ची 0.36 च्या आसपास, या दोन जोड्यांसाठी सोनारी करवतीची बारीक पाती उत्तम. सराफ बाजारातल्या कुठल्याही कारागिराला विचारलंत तर कुठे मिळतात ते सांगेल. डी साधारण 0.6 आणि जी 0.85 ते एक मिलिमीटर. त्यांना गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायचा टिप क्लीनर चालतो, त्या गोल बारीक कानशीच असतात. खाच तारेपेक्षा किंचितच रुंद ठेवा. तारांचा सेट हलका घ्या, ई 0.010 इंचाची. स्वस्त वाद्याच्या मानेला तो मानवतो आणि मुलीच्या बोटांनाही.

शेवटी 1000 आणि 2000 च्या पॉलिश पेपरनं चकाकवा आणि फेविकॉलच्या दोन छोट्या थेंबांवर बसवा. फेविक्विक नको, पुढे कधी काढायचा झाला तर लाकूड उपटून येईल. जी कडची खाच पहिल्या दिवशी जराशी उंच ठेवलीत तर उत्तम. तारांना आठवडाभर ताणात राहू द्या आणि मग शेवटचा हात फिरवा. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम करत असाल तर आणखी थांबा, दमट हवेत लाकूड फुगतं आणि मान हलते, उंची बदलते.

एवढं सगळं करायला सवड नसेल तर हायलमचा तुकडा घेऊन सरळ दुकानात जा आणि यातूनच नट करून द्या म्हणा. काम देण्याआधी दोन गोष्टी विचारा : प्रत्येक जोडीसाठी वेगळ्या मापाची कानस वापरणार का, आणि पहिल्या फ्रेटवरचा सूर ट्यूनरवर दाखवून मगच वाद्य देणार का. दोन्हीला हो म्हणाले तर निर्धास्त द्या. वाद्य घ्यायला जाताना मुलीला सोबत न्या आणि पैसे देण्याआधी तिला जी वर पहिल्या फ्रेटचा सूर वाजवून बघू द्या.